बिल्ल्याची पाठ

माझ्या लिहिण्याच्या मेजावर एक जुना पितळी बिल्ला असतो. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी तो त्यांच्यावर ठेवतो, असे घरातील मंडळींना वाटते. खरे म्हणजे तो हाताशी असावा, एवढाच माझा हेतू असतो. त्याच्या पुढच्या अंगावर दोरीने बांधलेल्या शिंगाची आकृती आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायाची ही ओळख. अनेक वर्षे घासला गेल्यामुळे शिंगाच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. परंतु या बिल्ल्याची गोष्ट त्याच्या पाठीवर आहे. तेथे खिळ्याच्या टोकाने उठविलेले चार ठिपके आहेत : एका ओळीत तीन, आणि मधल्या ठिपक्याच्या खाली एक.

हा बिल्ला माझ्या आजोबांचा. आमचे मूळ गाव पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे. महाबळेश्वरावर उगम पावलेली सावित्री तेथे डोंगर उतरून नुकतीच सपाटीला लागलेली असते. जमीन थोडी आणि तीही उताराची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरी जे पिकेल ते वर्षभर पुरवायचे. म्हणून आमच्याकडील तरुणांना घराबाहेर नेणाऱ्या दोनच वाटा होत्या. एक मुंबईच्या गिरणीकडे जाई आणि दुसरी पलटणीकडे. आजोबांनी दुसरी वाट धरली.

घरी परतल्यावर त्यांची काळी लोखंडी ट्रंक माळ्यावर विसावली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्यांचा क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. वर्षातून दोनदा, प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ती खाली उतरविली जाई. आजोबा ओटीवर मांडी घालून बसत. चिंचेचा कोळ, चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या धोतराचा तुकडा असे साहित्य मांडून ते बिल्ला घासू लागत. मी सात-आठ वर्षांचा असेन. बिल्ला धुऊन कोरडा करण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या कामाचा मला मोठा अभिमान वाटे.

एकदा तो पुसताना मी सहज उलटा केला आणि ते ठिपके मला दिसले. इतक्या जपलेल्या वस्तूला कोणी खिळा टोचावा, याचे मला नवल वाटले.

"आजोबा, हा कोणी खराब केला?" मी विचारले.

"मीच," ते शांतपणे म्हणाले. "आत जा आणि पाण्याचा हंडा पाहून ये. त्याच्या काठाखाली काय आहे ते मला सांग."

मी धावत गेलो. हंड्याच्या काठाखाली हात फिरविला, तो तेथेही तेच चार ठिपके! मग मी कळशी पाहिली, परात पाहिली, देवघरातील ताम्हन पाहिले. सगळीकडे तीन ठिपके एका ओळीत आणि खाली एक.

आमच्या भागात लग्नकार्य निघाले म्हणजे वाडीतील सर्व घरांची भांडी एकत्र येत. कोणाचा हंडा, कोणाची घागर, कोणाची पातेली; दोन दिवस ती सगळी एकाच चुलवणावर चढत आणि एकाच राखेने घासली जात. कार्य उरकल्यावर ती आपापल्या घरी परत जायची तर ती ओळखायची कशी? ज्यांच्या घरी अक्षरओळख होती ते तांबटाकडून भांड्यावर नाव घालून घेत. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांनी आपापली खूण ठरविलेली असे. कोणाची फुली, कोणाच्या दोन रेघा, कोणाचे ठिपके. बायका अंधारातदेखील काठावरून अंगठा फिरवून आपले भांडे वेगळे काढीत. आमच्या घराण्यात आजोबांच्या आधी कोणी लिहायला शिकलेले नव्हते. आमचे नाव म्हणजे हे चार ठिपके.

दुसरे महायुद्ध चालू असताना आजोबा भरती झाले आणि शिक्षणासाठी बेळगावला गेले. वयाने जेमतेम अठरा वर्षांचे. तोवर त्यांनी महाडची पेठदेखील दोन-चारदाच पाहिली होती. तेथे एका लांबलचक बराकीत सगळ्यांच्या खाटा सारख्या, कांबळी सारखी, मग सारखे, बूट सारखे, डोक्यावरचे केसही सारखेच कापलेले. त्यात आणखी एक अडचण होती. आडनावे मोजकीच आणि नावेही मोजकीच. त्यामुळे त्यांच्या तुकडीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोघे-तिघे निघत. उस्ताद हवालदारांनी त्यावर तोड काढली होती. ते प्रत्येकाला त्याच्या क्रमांकातील शेवटच्या आकड्यांनी हाक मारीत. आजोबा म्हणत, "पहिले दोन महिने मला माझे नाव कोणी हाकारले नाही. एके रात्री मी आपले आपल्यालाच ते हळूच म्हणून पाहिले."

संध्याकाळी सगळे जण एका सतरंजीवर बसून बिल्ले घासत. चाळीस बिल्ले एकत्र होत. त्यांतला आपला कोणता हे कळेना. ज्याने तासभर घासून बिल्ला आरशासारखा केला, त्याच्या हाती दुसऱ्याचा मळकट बिल्ला येई आणि सकाळी तपासणीत बोलणी मात्र त्याला खावी लागत. शेवटी आजोबांनी एक खिळा मिळविला आणि बिल्ल्याच्या पाठीवर घरची खूण उमटविली.

ती फार दिवस लपून राहिली नाही. एका तपासणीत उस्तादांनी बिल्ला काढून हातात घेतला व उलटून पाहिला. सरकारी वस्तूला खिळा लावणे ही काही लहानसहान आगळीक नव्हे. आजोबांच्या पायांतले बळ गेले.

"हे काय आहे?"

"आमच्या भांड्यांची खूण आहे, साहेब."

उस्ताद क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. तेही कोकणातलेच असावेत. आजोबांना मैदानाच्या तीन फेऱ्या धावण्याची शिक्षा झाली, ती पुरी करून ते धापा टाकीत आले, तेव्हा उस्तादांनी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि खालच्या आवाजात ते म्हणाले, "पुढच्या अंगाला ओरखडा दिसला, तर तीस फेऱ्या." त्यानंतर महिन्याभरात तुकडीतील बहुतेक बिल्ल्यांच्या पाठी बोलू लागल्या. कोणी फुली मारली, कोणी त्रिशूळ काढला, कोणी नव्याने शिकलेले आपल्या नावाचे पहिले अक्षर गिरविले.

बिल्ल्याच्या पुढच्या अंगाविषयी आजोबांच्या मनात केवढा आदर होता, हेही सांगितले पाहिजे. मराठा पलटणीची पहिली तुकडी १७६८ साली मुंबईत उभी राहिली. हलक्या पायदळाचे शिपाई पांगून, आडोशाने लढत. त्यांना हुकूम मिळत ते शिंगाच्या आवाजावर. म्हणून शिंग हे त्यांचे चिन्ह झाले. ते धारण करणाऱ्याच्या मागे, त्यापूर्वी ते धारण करून गेलेल्या सर्वांची पुण्याई उभी असते, असे आजोबा मानीत. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या महाडाच्या परिसरातील कित्येक महार कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या सैनिकी पेशा होता. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी भरतीचे दार बंद करण्यात आले. पहिल्या महायुद्धात ते उघडले आणि युद्ध संपताच पुन्हा लोटले गेले. पुढे १९४१ साली बेळगावात महार पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तो बिल्ला टोपीवर लावताना त्या तरुणांची मान किती ताठ झाली असेल! बिल्ल्याचे पुढचे अंग हे असे सर्वांचे असते. त्यात एकट्याने आपली भर घालू नये, हेच योग्य.

परंतु जे सर्वांचे असते त्यात एकट्याचा चेहरा हरवतो, हेही तितकेच खरे.

महाड तालुक्यात आंबावडे नावाचे एक गाव आहे. तेथील घराघरांतून माणसे सैन्यात जात आली, म्हणून लोक त्याला फौजी आंबावडे म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातून १११ जण गेले आणि त्यांतले ६ जण परत आले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा अनेक गावांतून दगडी पाट्या बसविल्या. त्यांवर गावातून किती माणसे गेली आणि किती मेली, एवढेच कोरलेले असे. नावे नसत. मी पहिल्यांदा आंबावड्याला गेलो, तेव्हा मला त्या सहा जणांच्या आयांची आठवण झाली. सहा हा आकडा कोणत्याही आईला आपल्या मुलाचे नाव वाटला नसेल.

हीच गोष्ट दूर इराकात फार मोठ्या प्रमाणावर घडली. पहिल्या महायुद्धात तेथील कुट या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढले होते. वेढ्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेला शस्त्रे खाली ठेवावी लागली. त्या आघाडीवर मरण पावलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे उभारण्यात आले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने शंभर वर्षांनी, २०२१ साली, हा पंक्तिप्रपंच घडल्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगले झाले. पण ज्या मातांनी ती ऐकायची, त्या तोवर उरल्या नव्हत्या.

सरकार नाव लिहीतच नाही, असे मात्र नाही. त्याच युद्धानंतर दिलेल्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. मृतांच्या घरी तळहाताहून मोठी ब्रॉंझची तबकडी पाठवीत. तिच्यावर नुसते नाव असे, हुद्दा नसे, कारण मरणात लहानमोठे काही नाही. परंतु या वस्तू युद्धानंतर येतात. युद्धात असताना शिपायाला आपली ओळख आपणच सांभाळावी लागते. १९१६ नंतर ब्रिटिश शिपायाला दाबीव तंतूच्या दोन चकत्या मिळू लागल्या, एक तांबडी व एक हिरवी. तो पडला तर तांबडी नोंदीसाठी काढून घ्यायची आणि हिरवी त्याच्या अंगावर राहू द्यायची. पण ओल्या मातीत ही चकती कुजून जाई. म्हणून अनेकांनी नाणी घासून गुळगुळीत केली, त्यांवर स्वतःचे नाव कोरले आणि ती मनगटाला बांधली. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून आजही त्या काळचे अवशेष निघतात. कधी कधी जवळ सापडलेल्या चमच्यावरील क्रमांकावरून तो कोण होता हे शंभर वर्षांनी कळते. जेवणाचा साधा चमचा, पण त्याने एका माणसाला त्याचे नाव परत दिले!

आजोबांच्या बाबतीत जे घडले, ते त्यांनी मला मी मोठा झाल्यावर, एकदाच सांगितले.

त्यांचा एक सोबती होता, नदीपलीकडच्या वाडीतला. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच जहाजातून गेले आणि इटलीत एकाच तुकडीत लढले. आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी त्याच इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्या वर्षीच्या हिवाळ्यात आजोबांची पलटण फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरांत होती. "डोंगर अगदी आपल्यासारखे," आजोबा म्हणत, "फक्त आपल्या डोंगरावर पाऊस पडतो आणि तिथे बर्फ." अशाच एका रात्री उखळी तोफेचा गोळा येऊन पडला. सकाळी आजोबांना आपला सोबती सापडला, तो त्याच्या बिल्ल्यावरून. दोन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ, ही त्याच्या घरच्या भांड्यांची खूण होती. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता.

आजोबांनी तो बिल्ला सुभेदारांपुढे ठेवला आणि सांगितले, की हा मला त्याच्या आईकडे न्यायचा आहे. मृताच्या वस्तू नोंद होऊन रीतसर मार्गाने जायच्या असतात. सुभेदारांनी बिल्ला उलटून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि काही न बोलता आजोबांच्या खिशात टाकला.

१९४६ साली आजोबा घरी परतले. तोवर त्या माउलीकडे सरकारचे पत्र येऊन वर्ष उलटले होते. शाळेतल्या मास्तरांनी ते तिला वाचून दाखविले होते. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्या नावाचे पलटणीत तिघे हायेत. पोरानंच मला सांगितलं व्हतं. तिघांतला कुठला, ते सायबाला काय ठावं?" मुलगा अविवाहित होता; पेन्शन आईला मिळायची होती. त्यासाठी एका कागदावर तिचा अंगठा हवा होता. तिने तो दिला नाही. अंगठा दिला म्हणजे मुलगा गेला हे आपण कबूल केले, असे तिला वाटे. तलाठ्यांनी समजावले, भावकीने समजावले. दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाऊन ती पोट भरी. पण त्या कागदाला तिने हात लावला नाही.

आजोबा तिच्या घरी गेले, तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडीत होती. तिची दृष्टी अधू झाली होती.

"काकी, मी आलोय," आजोबा म्हणाले.

"एकटाच आलास?" तिने विचारले.

आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी बिल्ला तिच्या हातात दिला. तिने शिंगावरून बोटे फिरविली. त्या आकृतीचा तिला काही अर्थ नव्हता. मग तिने बिल्ला उलटा केला. तिचा अंगठा पाठीवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. ती उठली, चाचपडत आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. एका हाताच्या अंगठ्याखाली तांब्याचा काठ, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली बिल्ला, अशी ती कितीतरी वेळ बसून राहिली. सूप तसेच पडले होते आणि कोंबड्या नाचणी टिपीत होत्या. त्यांना कोणी हाकलले नाही.

"माजीच खूण," ती अखेर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आजोबांना बरोबर घेतले, ती पोलादपूरला पायी गेली आणि कागदावर अंगठा उठवून आली. बिल्ला तिने तांब्याजवळ देव्हाऱ्यात ठेवला.

मी विचार करतो, की त्या पत्रातील प्रत्येक अक्षर खरे होते. क्रमांक खरा, नाव खरे, तारीख खरी. पण पत्र तिच्याशी तिच्या भाषेत बोलले नाही. पोराने खिळ्याने उठविलेले दोन ठिपके आणि एक रेघ मात्र बोलली. त्या खुणेने तिची आशा नेली, हे मी विसरत नाही. पण वर्षभराची टांगणी संपवून तिला मोकळेपणी रडू दिले, तेही त्याच खुणेने.

आजोबा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांची ट्रंक माझ्याकडे महाडच्या घरी आली. २२ जुलै २०२१ चा दिवस महाडकर विसरणे शक्य नाही. त्या दिवशी डोंगरात पावसाने कहर केला. तालुक्यातील तळीये गावावर कडा कोसळला आणि कित्येक कुटुंबे गाडली गेली. इकडे सावित्री आणि गांधारी यांचे पाणी शहरात शिरले. आम्ही माडीवर चढलो. ती रात्र आम्ही खालून येणारे आवाज ऐकत काढली : कपाटे भिंतींवर आदळत होती आणि भांडी एकमेकांवर आपटत होती.

पाणी ओसरल्यावर सर्वत्र गुडघाभर चिखल उरला. आळीतील साऱ्या घरांची भांडी त्यात मिसळून गेली होती. आम्ही ती उपसून देवळासमोर एका ठिकाणी रचली आणि धुऊ लागलो. बायका भोवती बसल्या. एकेक भांडे हातात घेऊन त्यावरील नाव वाचू लागल्या. "हे तुमचे," "ही माझ्या माहेरची परात," असे शब्द ऐकू येऊ लागले. तीन दिवसांत प्रथमच कोणीतरी हसले. माझ्या डोळ्यांपुढे आजोबांनी सांगितलेले लग्नघर उभे राहिले.

आमची ट्रंक मागच्या गल्लीत सापडली, उघडी आणि रिकामी. तिच्यावरची पांढरी अक्षरे पाण्याने व घासटण्याने पुसून गेली होती. चौथ्या दिवशी एका मुलाला भांड्यांच्या ढिगाखाली चिखलाने लडबडलेला एक बिल्ला मिळाला. मी पुढे होणार, एवढ्यात शेजारच्या आजींनी तो घेतला आणि छातीशी धरला. त्यांचे यजमानही त्याच पलटणीत होते. त्यांचाही बिल्ला घरातून वाहून गेला होता. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "सापडला, यांचा बिल्ला सापडला!"

मी काय बोलणार? त्या घराचे सर्वस्व गेले होते. माझ्या मनात आले, की हा त्यांच्याकडेच राहू द्यावा. पुढचे अंग दोघांचेही सारखेच आहे. परंतु आजी स्वतः शिपायाच्या पत्नी होत्या. त्यांनी पदराच्या टोकाने चिखल पुसला, बिल्ला उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरविला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"यावर चार ठिपके आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची खूण ना ही? तुमच्या आजोबांकडून ऐकली होती. आमच्या ह्यांच्या बिल्ल्याची पाठ कोरी होती." आणि त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

मी नको नको म्हणत असता त्यांनी माझी मूठ मिटली. त्यांचा बिल्ला आम्ही पुढे आठवडाभर शोधला. तो मिळाला नाही. कदाचित तो आज सावित्रीच्या तळाशी असेल. कदाचित कोणाच्या हातीही लागला असेल. पण तो कोणाचा, हे त्या माणसाला कसे कळावे?

२०२३ च्या सुरुवातीस माझा पुतण्या अग्निवीर म्हणून बेळगावला जायला निघाला. आदल्या दिवशी त्याची नवी काळी ट्रंक अंगणात वाळत होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली अक्षरे अजून ओली होती. तो आळीतील वडीलधाऱ्यांच्या पाया पडून आला. शेजारच्या आजींकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि त्याला जवळ ओढून सांगितले, "बाळा, बिल्ला मिळेल तेव्हा पुढून लखलखीत ठेव हो. आणि पाठीवर काहीतरी कर. अगदी एवढेसे. विसरू नकोस."

तो घरी आला व माझ्या मेजापाशी उभा राहिला. आमच्या घरी आता स्टीलची भांडी आहेत. त्यांवर नावे यंत्राने घातलेली असतात. घरची खूण त्याने कधी पाहिली नव्हती. मी त्याला बिल्ला दिला. त्याने तो उलटा केला, खिडकीशी नेऊन न्याहाळला आणि डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरविला. मग त्याने माझ्याकडून कागदाचा एक चिटोरा मागून घेतला, त्यावर एका ओळीत तीन आणि खाली एक असे चार ठिपके काढले आणि तो चिटोरा नीट घडी घालून पाकिटात ठेवला.